खुर्चीमागे उभं राहून

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मिसरोदच्या त्याच्या घरून बाग सेवनियाला माझ्या घरी येऊन दोन तासही झाले नव्हते. मृणालनेच मला पिटाळलं होतं. मृणाल म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, पुण्याहून रजा काढून आलेली. "आत्या, चार दिवस एकाच साडीत आहेस, जा, अंघोळ करून ये, मी आहे ना." गेले मी. अंघोळ केली, आणि मूर्खासारखी कपडे धुवायलाही बसले... कुणी सांगितलं होतं? फोनवर ती रडली नाही. "बाबा झोपेतच गेले गं आत्या, तू लावलेल्या झोपेत," एवढंच म्हणाली. मी हातातला टॉवेल पिळत उभी राहिले, तो कोरडा होईपर्यंत. याला आता सहा आठवडे झाले. तिचं ते वाक्य मला जेवू देत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माधव माझा थोरला भाऊ. कारखान्यात टर्नर होता आणि सुट्टीच्या दिवशी संमोहनाचे प्रयोग करायचा. वडिलांच्या नोकरीपायी भोपाळला आलेली आमच्यासारखी मराठी घरं इथे पुष्कळ. त्यांचे गणपती, कोजागिरी, क्लबची संमेलनं, सगळीकडे दादाचा खेळ ठरलेला असायचा. कुणाला तो लिंबू साखरेसारखं गोड म्हणून खायला लावायचा, कुणाला स्वतःचं नाव विसरायला लावायचा. मी शाळेत गणित शिकवायचे आणि माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. "थोतांड आहे नुसतं," असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. तरी तीस वर्षं मी त्याच्या प्रत्येक प्रयोगाला स्टेजवर होते, कारण मी असेन तरच बायका वर यायच्या. कुठली सासू परक्या पुरुषाला सुनेच्या खांद्यावर हात ठेवू देणार? मग त्याने मला धरलं. "सुधे, तू फक्त बायकांच्या खुर्च्यांमागे उभी राहा. कुणी कलंडायला लागली की सावर. बाकी काही करू नकोस आणि तोंड तर अजिबात उघडू नकोस." मी गेले. वहिनी हसून म्हणायची, थोतांडाला साडी मात्र इस्त्रीची लागते. वहिनी जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

विद्या त्याने पुस्तकातून उचलली होती, पण पहिल्याच प्रयोगात पुस्तक आडवं झालं. कॉलनीच्या गणपतीत सगळ्यात आधी हात वर करणाऱ्या पाच जणांना त्याने वर बोलावलं. पाचही पक्के नमुने. डोळे मिटल्या मिटल्या एक जण घोरायला लागला, दुसऱ्याने शिट्टी मारली, मांडव हसून हसून आडवा. दादा त्या दिवशी जेवला नाही. मी म्हणाले, बरं झालं, खाज तरी जिरली. कसली जिरते! पुढच्या वर्षी तो प्रयोगाआधी तासभर मांडवाच्या दारात उभा राहिला आणि आत येणारी माणसं बघत बसला. कोण दुसऱ्यासाठी सरकून जागा करतं, कोण बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकून घेतं. "ज्याला वर यायची हौस आहे तो स्वतःलाच बघत असतो सुधे, तो माझं कशाला ऐकेल?" मग चार इमलीच्या सरकारी वस्तीत एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर त्याने साहेबालाच बसवलं आणि शेळ्या राखायला लावल्या. साहेब इतक्या झकास शेळ्या राखू लागला की सगळा स्टाफ पोट धरून हसला, आणि ज्या बाबूला जास्त हसू आलं त्याची आठवड्यात बदली झाली. दादा त्याच्या घरी जाऊन माफी मागून आला. ज्याच्यापुढे लोकांना उद्या फाइल घेऊन उभं राहायचं आहे, त्याला स्टेजवर घ्यायचं नाही, हे तेव्हापासून ठरलं.

एक चूक मात्र आम्हा दोघांची. संमोहनाच्या खेळात वासाचा एक हमखास प्रकार असतो, देशभर सगळे करतात. सांगायचं की हॉलमध्ये घाण वास सुटलाय, आणि मग वर बसलेले लोक नाक धरतात, एकमेकांकडे संशयाने बघतात, की झाला हशा. शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दादाने तो घेतला. "बदबू आ रही है... बहुत तेज़ बदबू..." बाकीच्यांनी नाकं धरली. माझ्यासमोरच्या खुर्चीतली बाई उठली, पदर तोंडावर दाबला आणि पळायला लागली. मी तिला कमरेला मिठी मारून धरलं. तिच्या अंगात अशी ताकद आली होती की मी ओढली गेले. "मुन्नी को उठाओ, पहले मुन्नी को उठाओ," एवढंच ती म्हणत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गॅसच्या त्या रात्री आम्ही इकडे दादाच्या कारखान्याच्या वसाहतीत होतो, गॅस सुटला तिथून लांब, आम्हाला सकाळी कळलं. म्हणूनच भोपाळमध्ये राहून ही चूक आमच्याच हातून होऊ शकत होती. जुन्या शहरातल्या कुणाच्या तोंडून तो शब्द निघालाच नसता.

पुस्तकात लिहिलंय, पाचपर्यंत मोजा आणि टाळी वाजवा. दादाने मोजलं. ती जागी होईना. मग तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्याबरोबर तिथेच गेला, जिथे ती होती. "बहनजी, मुन्नी आपकी गोद में है. आप लोग ऊपर पहाड़ी पर आ गए हैं. यहाँ हवा साफ़ है. बैठ जाइए, साँस लीजिए..." वीस मिनिटं. ती डोळे उघडून पाणी प्यायली आणि विचारू लागली, "मैंने कुछ कहा क्या?" दादा म्हणाला, "नहीं, आप तो बस सो गई थीं." मागच्या अंगणात जाऊन त्याला उलटी झाली. मुन्नीचं खरोखर काय झालं होतं, हे विचारायची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही. वासाचा खेळ त्याने पुन्हा कधी केला नाही, आणि मी त्याला थोतांड म्हणायचं बंद केलं. विश्वास बसला असं नाही. भीती बसली.

ही भीतीच शेवटी त्याला नडली. कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा डॉक्टरांनी जे देता येत होतं ते सगळं दिलं, पण दोन गोळ्यांच्या मधले तास उरायचेच. माझा भाऊ, यंत्रावर बोट कापलं गेलं तरी हूं न करणारा, उशीचा कोपरा दातात धरून पडायचा. एक दिवस म्हणाला, "सुधे, तू म्हण ना. तुला सगळं पाठ आहे. मी माझं माझं करून बघितलं, नाही जमत. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्यासारखं होतं." मी उसळले. "उगाच खुळ्यासारखं बोलू नकोस, मला काही येत नाही, गोळी घे." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. अकरा दिवस तो मागत होता आणि अकरा दिवस मी नाही म्हणत होते. येत नाही हे निमित्त होतं. मला वाटायचं, मी म्हटलं आणि काही झालंच नाही, तर त्याच्याकडे वाट बघायलाही काही उरणार नाही. हे मी त्याला नीट सांगूसुद्धा शकले नाही. ओरडले फक्त. मरणाऱ्या माणसावर ओरडले मी.

बाराव्या दिवशी मृणाल आली. दुपारची वेळ होती. बापाला तसं बघून तिने बॅग दारातच टाकली. "आत्या, काहीतरी कर ना गं." मग मी स्टूल ओढलं आणि सुरू केलं. "डोळे मिट... पापण्या जड होतायत..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. दादाने एक डोळा उघडला. तशातही त्याला शिकवायचं सुचलं. "घाबरलीयस तू. घाबरलेल्या माणसासोबत कुणी झोपायला जात नाही. माझा श्वास बघ, मी सोडला की तू बोल. आणि घाई नको, वर्गात घंटा झाल्यासारखी." मी पुन्हा सुरू केलं. त्याने श्वास सोडला की एक वाक्य, सोडला की एक वाक्य... हळूहळू त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. उशीवरची पकड सुटली. जबडा सैल होऊन तोंड जरासं उघडं राहिलं. किती दिवसांनी तो चेहरा मला माझ्या भावाचा दिसला. मृणालने तोंडावर हात दाबून मला मागून मिठी मारली. आणि मी, अडुसष्टाव्या वर्षी, देवाशप्पथ सांगते, विश्वास ठेवला.

मग पांघरूण सारखं करायला मी पायथ्याशी गेले. त्याच्या पायाची बोटं आत वळलेली होती, घट्ट, पांढरी पडलेली. तीस वर्षं खुर्चीमागे उभी राहून मी एकच गोष्ट शिकले होते, खरी कोण आणि भिडेखातर झोपलेली कोण. खरी असते तिचा सगळा भार आपल्या हातावर येतो. भिडेची असते ती चेहरा सोडते, पण पाय सोडत नाही. प्रत्येक प्रयोगात दोन-चार तशा असायच्याच. मी दादाला कानात सांगायचे, ही खोटी आहे, उठव. तो कधी उठवायचा नाही. "आपला खेळ पडू नये म्हणून करतेय बिचारी. तिला काय उघडं पाडायचं?" आता तो स्वतः तसा पडला होता. माझ्यासाठी, मृणालसाठी. इतका वेळ निदान कण्हता तरी येत होतं त्याला, तेही मी बंद केलं. मला म्हणायचं होतं, दादा, पुरे, ओरड तू. तोंडापर्यंत आलं होतं. मृणाल हळूच म्हणाली, "थांबू नकोस ना आत्या, बघ कसे शांत झोपलेत." मी त्याचे पाय झाकले आणि पुढचं म्हणायला लागले.

त्यानंतर चार दिवस तेच. मी म्हणायचे, तो झोपायचा. मी मधूनमधून बोटं बघायचे आणि ती तशीच असायची. शेवटच्या सकाळी त्याचा श्वास निराळा वाटला, खोल, लांब. खरंच लागली असेल का? पांघरूण उचलून बघायला एक क्षण लागला असता. मी बघितलं नाही. वळलेली दिसली असती तर... मी पिशवी उचलली आणि अंघोळीला घरी आले.

तेराव्याला मृणाल येईल त्याला सांगत होती, "आत्यामुळे बाबांना शेवटी काही त्रास झाला नाही." लोक माझ्याकडे आदराने बघत होते. शेजारच्या वर्माजींनी हात जोडून म्हटलं, "आपने बड़ा पुण्य का काम किया दीदी." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? तिला खरं सांगू? रोज सकाळी वाटतं, आज सांगावं. रोज संध्याकाळी तिचा पुण्याहून फोन येतो आणि राहून जातं. तिला बाप गेल्यापासून झोप नाही. "आत्या, मला पण म्हण ना, बाबांना म्हणायचीस तसं." माझ्या घरी ते शब्द तोंडातून फुटत नाहीत, म्हणून मी रिक्षा करून मिसरोदला जाते, दादाच्या खोलीत कॉटशेजारी त्याच स्टुलावर बसते आणि तिथून बोलते. त्याने शिकवलं तसं, तिने श्वास सोडला की एक वाक्य. थोड्या वेळाने पलीकडून श्वास संथ येऊ लागतो. मी आणखी पाच मिनिटं थांबते आणि मग फोन ठेवते.

काल मी ठेवणारच होते. श्वास अगदी संथ झाला होता, मी बटणावर बोटही नेलं होतं. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी नाक ओढलं, अगदी हलकं, आवाज होऊ नये इतकं जपून. पाठोपाठ पुन्हा तो संथ श्वास सुरू झाला, नीट, मोजून. मी फोन पुन्हा कानाला लावला. काही ऐकलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "खांदे सैल सोड बाळा... अजून सैल..."