लाल बोटांची हर्षदा

तर काल गोष्ट पोह्यांपाशी थांबली होती. हर्षदानं बशा पुढे केल्या आणि तिला बघायला आलेल्या पाहुण्यांची नजर थेट तिच्या बोटांवर गेली. दहाही बोटं लालभडक! सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या तिच्या बापानं, धुडकूनं चटकन बशा स्वतःच्या हातात घेतल्या. जवळच्या सचिन गावाहून एवढं चांगलं स्थळ चालून आलं होतं.

"धुडकूभाऊ, पोर रंगखातामा जास का?" मुलाच्या वडिलांनी, धनराजमामांनी विचारलं. पोरही बापासारखी कापड रंगवायच्या खात्यात जाते की काय, असं त्यांना वाटलं.

"नाही हो!" धुडकू म्हणाला. "कॉलेजात रोपांच्या शेंड्यांच्या पातळ चकत्या रंगवते, भिंगाखाली बघायला. पानं येता येता रोप फुलावर कसं येतं, ते शोधते. आता बडोद्याला त्याचीच फेलोशिप मिळालीय, तीन वर्षांची."

मामा खो खो हसले. "तीन वर्षं शेंड्याकडे बघणार? अहो, फूल यायचं तेव्हा येतंच. " मग हर्षदाकडे वळून म्हणाले, "सोड ते बेटा, आणि आमच्या गजेंद्रला चांगलंचुंगलं खाऊ घाल."

धुडकूनं लेकीला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस म्हणून. पण ही पोर कुणाची खूण मानेल तर शपथ! चहाचा कप मामांच्या हातात देत ती गोड आवाजात म्हणाली, "मामा, फेलोशिप तर मी घेणारच. मी पसंत असेन तर गजेंद्रना तीन वर्षं थांबायला सांगा, आणि तेवढ्या वेळात भाकरी थापायला शिकवा."