नखाएवढा चेहरा

सगळा तालुका तिला ‘सिस्टर’ म्हणायचा. पस्तीस वर्षं तिने सरकारी दवाखान्यात नोकरी केली आणि त्यातली निम्मी सायकलच्या मागे लशीची पेटी बांधून गावोगाव फिरण्यात गेली. कुठल्या घराचं दार डोक्याला लागतं, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरोखर पिंढरी धरतं, हे तिला तोंडपाठ होतं.

निवृत्त झाल्यावर तिला घरात करमेना. ज्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत तिने औषधाचे थेंब घातले होते, ते एकेक करून जात होते. ओढ्यावरचा पूल कुणी बांधला, दगडखाण कशाने बंद पडली, पहिली शाळा कुणाच्या गोठ्यात भरली, हे सगळं त्यांच्याबरोबर जात होतं. मग तिने वही घेतली आणि पुन्हा त्याच वाटा धरल्या. तिला बघितलं की लोक हसत हसत बाही वर करायचे.

“आता कसली सुई, सिस्टर?”

“आता रक्त नको, आठवणी काढून घेते,” ती म्हणायची.

वाचनालयाने तिला माडीवरची मागची खोली दिली. सहा वर्षांत एकेचाळीस गावं झाली. पत्रं, शाळेचे दाखले आणि तीनशेच्या वर फोटो जमले. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने गावाचं आणि घराचं नाव लिहिलेलं. शनिवारी शाळेतली मुलं येत, आपापल्या गावाचा फोटो शोधत आणि “हा बघ आमचा पार!” म्हणून एकमेकांना ढकलत.

तिचा धाकटा भाऊ बाजारात फोटो स्टुडिओ चालवायचा. गिऱ्हाईक आटलं तेव्हा त्याने तो बंद केला, जागेची अडचण म्हणून जुन्या निगेटिव्हही टाकून दिल्या. तो पहिल्यापासून सांगत होता, “ताई, फोटोचा फोटो दारातच काढ आणि मूळचा तिथल्या तिथे परत कर. लोकांच्या वस्तू सांभाळायच्या भानगडीत पडू नकोस.”

“नक्कल ती नक्कलच. सगळ्या गावांच्या फोटोंचं एक मोठं प्रदर्शन होऊ दे, मग घरोघर परत देणारच आहे मी.”

“तुझ्यापुढे कोण बोलणार!” तो म्हणाला.

तीन दिवस लागून सुट्टी आली आणि त्या तीन दिवसांत गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला. चौथ्या दिवशी सकाळी ग्रंथपालाचा फोन आला. “सिस्टर, जरा येता का?” एवढंच तो बोलला. ती तशीच चपला घालून निघाली.

कपाटातून अजून पाणी ठिबकत होतं. फोटोंचे गठ्ठे एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. ती एक फोटो सोडवायला गेली तर वरचा थर बोटाला चिकटून आला. भाजलेल्या माणसाची कातडी अशी निघते, हे तिने नोकरीत पाहिलं होतं. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली.

भाऊ धावत आला. “मी सांगितलं होतं” हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. त्याने परातीत गार पाणी घेतलं, आठ दिवस खपून फोटो सोडवले, दोरीवर वाळत घातले. बरेचसे वाचले. एकशे बारा गेले ते गेलेच.

सिस्टरने त्या एकशे बारांची यादी केली आणि घरोघर जायला निघाली. “चिठ्ठी पाठव, नाहीतर फोन कर,” भाऊ म्हणाला.

“घ्यायला मी गेले होते ना? मग सांगायलाही मीच जाणार.”

बहुतेक लोक म्हणाले, “जाऊ द्या हो, तुम्ही का मुद्दाम केलंत?” एका निवृत्त मास्तरांनी मात्र तिला उभं राहूनच ऐकवलं, “तुमच्या शब्दावर दिला होता.” तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. हे सगळं ती सोसत होती. पण यादीतलं एक घर ती रोज पुढे ढकलत होती.

ते घर मशीनवाल्या वहिनींचं. शिवणयंत्रावर उभी हयात काढलेली बाई, म्हणून गाव त्यांना मशीनवाली म्हणायचं. त्यांच्याकडचा फोटो शाळेचा होता. गावात नवी शाळा बांधली त्या दिवसाचा, बावीस मुलांचा. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी त्यांची मुलगी. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. फोटोनंतर चारच महिन्यांनी गावात ताप आला आणि भिंगरी गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. तिच्या उशाशी त्या रात्री सिस्टरच होती, चोवीस वर्षांची, नोकरीला नवी.

शेवटी सिस्टर त्यांच्याकडे गेली तेव्हा वहिनी दारात काजं करत बसल्या होत्या. सिस्टरने पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी सगळं सांगितलं. वहिनींनी सुई कापडात टोचून ठेवली.

“सगळा गेला?”

“सगळा.”

“तिची बाजूसुद्धा?”

सिस्टरने मान हलवली.

वहिनी अंगणाकडे बघत म्हणाल्या, “चाळीस वर्षं झाली सिस्टर. तिचा चेहरा मला आता आपला आपण आठवत नाही. फोटोत नखाएवढा होता, पण तो बघितला की बाकीचं आठवायचं. आता कशावरून आठवू?”

सिस्टरच्या डोळ्यांना धार लागली. वहिनी मात्र रडल्या नाहीत. आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

पंधरा दिवसांनी सिस्टर पुन्हा गेली. या वेळी भाऊही बरोबर होता. तो फोटो त्यानेच काढला होता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, “वहिनी, निगेटिव्ह मी टाकल्या. ताईइतकाच मीही दोषी आहे. पण तो दिवस मला आठवतो. दुसऱ्या रांगेतली एक पोरगी सारखी वळून मागे बघत होती. मी तीनदा ओरडलो, तरी ऐकेना. शेवटी फोटोत जराशी हललीच.”

“मी उभी होते मागे,” वहिनी म्हणाल्या. “फ्रॉकची शिवण उसवली होती. मी खुणेने सांगत होते, त्यावर हात धर, हात धर.” त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचा बांध फुटला. सिस्टर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

शांत झाल्यावर वहिनींनी विचारलं, “तुम्ही तर तिला जवळून पाहिलंत. काय काय आठवतं?”

सिस्टरने सांगितलं. पुढचा अर्धा दात. भुवईत जुना व्रण. तापातसुद्धा थर्मामीटर हवं म्हणून धरलेला हट्ट. “व्रण डाव्या भुवईत,” वहिनींनी मधेच सुधारलं. मग स्वतःच दचकल्या, कारण ते त्यांना आठवलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, “माफ केलं असं काही मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? पण येत जा.”

सिस्टर जात राहिली. दर पंधरा दिवसांनी, दोन वर्षं. उरलेले फोटो तिने ज्याचे त्याला परत केले. ते परत करायच्या आधी भावाने त्यांच्या नकला केल्या आणि त्यांचं पुस्तक निघालं. वहिनींच्या गावाच्या पानांवर फोटो नाही. शाळा कशी बांधली, दगड कुणी वाहिले, त्या दिवशी कोण कुठे उभं होतं, हे सगळं वहिनींनी सांगितलं तसं छापलंय. बावीस मुलांपैकी एकोणीस त्यांना सांगता आली. उरलेली तीन कोण होती, हे गावात आता कुणालाच माहीत नाही.

पुस्तक हातात आलं तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या. सिस्टरने ती पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. डोळे मिटून त्यांनी ऐकलं. भिंगरीचं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, “पुन्हा वाचा.” सिस्टरने पुन्हा वाचलं. त्या आठवड्यात वहिनी गेल्या.

पंधरवडा भरला त्या दिवशी सिस्टर नेहमीसारखी सायकल काढून निघाली. ओढ्यावरच्या पुलापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती खाली उतरली आणि कठड्याला धरून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.