मोकळीकसाहेबांचं झाकण

आमच्या साहेबांना समोरच्याच्या हातातलं पेन काढून घ्यायची सवय होती. आपण कागदावर यंत्राचा एखादा भाग काढत असावं, तर मागून हात यायचा आणि आपल्या चित्रावर त्यांची रेघ उमटायची. वर म्हणायचे, "मोकळीक दिलीया की तुम्हास्नी! माझं आपलं सुचवणं." उचगावच्या त्या कारखान्यात आम्ही चौघं दूध काढायच्या यंत्रांची नवी मॉडेलं तयार करायचो. पाठीमागं सगळे त्यांना मोकळीकसाहेब म्हणत.

मालकांसमोर ते छाती फुगवून सांगत, "माझी टीम स्वतःचे निर्णय स्वतः घेते." बाहेर आल्यावर मात्र नळीचा रंगसुद्धा त्यांना विचारावा लागे. नाही विचारलं तर दोन दिवस अबोला. विचारलं तर, "एवढंबी डोकं चालत न्हाई व्हय?"

एका यंत्रासाठी आमच्यातली सुनीता तीन आठवडे मुरगूडच्या गोठ्यांतून हिंडली. दूध काढताना बायकांचा एक हात जनावरावर असतो, म्हणून तिनं बादलीला एका हातानं उघडणारं हलकं झाकण केलं. माल निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिथं जाड स्टीलचं झाकण बसवलं. "प्रदर्शनात उठून दिसाय पायजे."

"साहेब, बोटं सापडतील," सुनीता म्हणाली.

"तू गप गं."

महिन्याभरात एका बाईची दोन बोटं त्याच झाकणाखाली चेचली. मालकांनी खुलासा मागितला. साहेबांनी तो स्वतःच लिहून आणला: टीमला पूर्ण स्वातंत्र्य होतं, झाकणाचा निर्णय सुनीताचा. खाली आम्हा तिघांच्या सह्या हव्या होत्या. माझी नोकरी नवी होती, बायकोला दिवस गेले होते. मी सही केली. सुनीता जेवणाचा डबा उचलून गेली ती कायमचीच. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

यंत्राचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय हे साहेब डोळे मिटून सांगत. ती विद्या मी त्यांच्याकडूनच शिकलो. म्हणून तर त्यांची जास्त चीड येते.

परवा कळंबा तलावावर ते भेटले. आता निवृत्त आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ती पोरगी कोण रं, झाकण बिघडवलेली? हुशार होती, पण झेपलं न्हाई तिला."

त्यांना ते खरंच वाटत होतं. मी त्यांचा हात बाजूला केला.

"सुनीता. झाकण तुम्ही बदललं होतं, साहेब. आणि मी खोटी सही केली. मालकांना तसं लिहून देणार आहे."

"आता कशाला उकरतोस?" मग हळूच, "माझं नाव घालणार?"

"दोघांचंही."

तो कागद आज सकाळी देऊन आलो. एक प्रत सुनीताला पाठवली आहे.