वेल्ह्याची एक जून

स्वारगेटहून एसटी हलली तेव्हा मी गाडीच्या नंबराची बेरीज करून मोकळा झालो होतो. ती एक आली. तिकिटाच्या नंबराची आधी भलतीच आली, पण शेवटचा आकडा वगळल्यावर तीही एक झाली. एक म्हणजे सूर्याचा अंक, राजाचा अंक. माझी जन्मतारीख एक जून, आणि वेल्ह्याला जिला पाहायला मी निघालो होतो त्या सुमनचीही एक जून! तिचं नाव तीन अक्षरी, वसंत हे माझं नाव तीन अक्षरी, आणि वेल्ह्याच्या उशाशी उभा असलेला किल्ला तोरणा, तोही तीन अक्षरी. विधात्यानं याहून आणखी काय करायला हवं होतं?

मी तेव्हा पस्तिशीला टेकलो होतो. आधी पाहिलेल्या मुलींपैकी कुणाचा अंक चार निघाला, कुणाचा आठ, एकीच्या तर घराच्या नंबरातच शनी बसलेला होता. सगळीकडे पोहे खाऊन "पत्रानं कळवतो" म्हणत मी उठत असे, आणि त्याचा अर्थ काय ते दोन्ही बाजूंना ठाऊक असे. या वेळी आईनं निक्षून सांगितलं होतं, "हे शेवटचं. यापुढं मी कुणाकडं शब्द टाकणार नाही." भोंगवलीचे मामा सोबत यायचे होते, पण ऐन वेळी त्यांची कंबर धरली. त्यामुळं एकट्यानंच मुलगी पाहायला जाण्याचा पराक्रम माझ्या वाट्याला आला.

नसरापूरला गाडी बदलली. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. खाचरांत जागोजाग राब (भाताची रोपं टाकायच्या जागेवर जाळायचा पालापाचोळा) भाजून काळे पडले होते आणि त्यांचा वास गाडीभर भरला होता. एका थांब्यावर पानाच्या द्रोणात करवंदं मिळाली. पुढच्याच खड्ड्यात त्यातली अर्धी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली आणि छातीवर मोठा जांभळा डाग पडला.

शेजारी वरवे बुद्रुकचे एक म्हातारबाबा होते, लेकीकडं निघालेले.

"कुनाकडं निगाला?"

"मुलगी पाहायला," म्हणालो, आणि कुणी न विचारताच तारखांचा योगही सांगून टाकला.

"एक जून व्हय? माजी बी एक जूनच हाय की."

"काय सांगता!"

"आन माज्या धाकल्या भावाची बी."

"सख्ख्या भावाची?"

"सख्ख्या. थोरल्याची बी तीच."

मी थक्क होऊन वळलो, तर मागून कंडक्टर म्हणाला, "माझी पण एक जूनच आहे, साहेब."

माझ्या अंगावर काटा आला. गुंजवणी नदीचं हे सबंध खोरंच सूर्याच्या अंमलाखाली होतं आणि आजवर ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं! यावर लेख लिहायचा, मथळा काय द्यायचा, इथपर्यंत माझी मजल गेली. म्हातारबाबांनी आपला तांब्या पुढं केला. "जरा पानी प्या. ऊन लई हाय."

वेल्हं म्हणजे तहसील कचेरी, चार दुकानं आणि सगळ्यांवर नजर ठेवून असलेला तोरणा. सुमनचे वडील मला न्यायला आले होते. घरी आंबेमोहराचा भात, तांदळाची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (पिठाचं पातळ पेय) असा बेत होता. मी सगळं मागून मागून खाल्लं. डागाकडं बघून तिची आई म्हणाली, "असू द्या. करवंदाचा डाग काय निगत न्हाई."

मग सुमन समोर येऊन बसली. ती गावातल्याच शाळेत शिक्षिका होती. काही विचारायचं असेल तर विचारा, असं वडील म्हणाले.

"तुमची जन्मतारीख एक जूनच ना?"

"शाळेच्या दाखल्यावर तीच आहे."

"माझीही तीच!" म्हणालो, आणि म्हातारबाबा, त्यांचे दोन्ही भाऊ, कंडक्टर, सगळ्यांना मी साक्षीला उभं केलं.

तिची आई मध्येच म्हणाली, "अवो, ही झाली तवा लई थंडी हुती. समदी शेकोटीला बसलेली."

सुमननं खाली बघितलं. "खरी तारीख कुणाच्याच लक्षात नसते. शाळेत घालताना वय बसावं म्हणून मास्तर एक जून लिहितात. आता शाळा उघडली की मीही तीच लिहीन." मग तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या शाळेत होता?"

"भोंगवलीच्या. मामाकडं."

तिनं पदर तोंडाशी नेला, पण हसू काही आवरलं नाही. वडीलही हसले. शेवटी मीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आता पत्रानं कळवतो म्हणाल."

"सुमे, गप," वडील म्हणाले.

"नाही आबा. आजवर आलेले सगळे तेच म्हणून गेले. यांनी काय ते इथंच सांगावं."

मी तिच्याकडं पाहिलं. मुलगी पाहायला जाऊन मुलीकडं पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ असावी. तिचं हसणं मला आवडलं होतं, आणि हसणं थांबवून तिनं सरळ विचारलं, ते त्याहून जास्त. पण मदतीला एकही आकडा येईना.

"माझा होकार आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग मी पत्रानं कळवते."

परतीच्या गाडीचा नंबर मी पाहिलाच नाही. घरी पोचताच आईला विचारलं, "मी कधी झालो गं?"

"भातकापणी चालली होती. दिवाळी झाली होती का व्हायची होती, देव जाणे."

"आणि एक जून?"

"ती मास्तरांनी लिहिली. का रे?"

सूर्यही गेला आणि राजाही गेला. "काय ठरलं तिकडं?" आईनं विचारलं.

"मी हो म्हणून आलोय. ती कळवणार आहे."

आईनं माझ्या सदऱ्यावरचा डाग बघितला आणि पाण्याचा पेला हातात दिला. "पत्रानं कळवतो" म्हणून मी उठून गेल्यावर त्या आधीच्या मुलींच्या घरांत पुढचे दिवस कसे गेले असतील, ते मला आता कळणार होतं. ती नाही म्हणाली तर मला फार वाईट वाटणार होतं, एवढं मात्र कसलीही बेरीज न करता समजत होतं.