हाताला गार लागलेली जागा

बाबांची जुनी गाडी दर चार-पाच किलोमीटरवर तापायची. दोन गॅरेजवाल्यांनी ती भंगारात काढायला सांगितली होती. गाझियाबादच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मात्र उघडलेल्या इंजिनाच्या ब्लॉकमधल्या पाणी फिरण्याच्या वाटांमध्ये कढत पाणी ओतलं आणि डोळे मिटून बाहेरून हाताची पाठ हळूहळू फिरवली. शेवटच्या सिलिंडरपाशी हात थांबला.

"यहाँ ठंडा है. पानी पहुँच ही नहीं रहा."

तिथल्या भोकात तार घालून ते तासभर खरवडत राहिले. आधी गंजाचा लाल चिखल आला, मग पाण्याची धार.

बाबा म्हणाले, "सबने तो कबाड़ बोला था."

"बोला होगा. हाथ किसने लगाया था?"

पुढच्या रविवारी बाबा दिल्लीत माझ्या घरी, मयूर विहारपर्यंत न थांबता गाडी चालवत आले. तापमानाच्या काट्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.