आचार्यांची मागची सीट

सर्जापूर रोडच्या त्या खड्ड्यापर्यंत हयवदनाचार्यांना भीती म्हणजे काय हे फारसं ठाऊक नव्हतं. के. आर. पुरमला वडिलोपार्जित घर, बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांमधून चालत आलेली भिक्षुकी आणि वसुमतीसारखी बायको. ते श्राद्धाचे मंत्र म्हणायचे, ती सोवळ्यात श्राद्धाचा स्वयंपाक करायची. स्कूटरवर पुढे ते, मागे ती आणि तिच्या मांडीवर पितळी भांड्यांची पिशवी. आचार्यांचं अख्खं बिऱ्हाड दोन चाकांवर येतं, म्हणून यजमान थट्टा करायचे.

मग एक दिवस पाण्याने भरलेल्या त्या खड्ड्यात स्कूटरचं चिमुकलं चाक गेलं. आचार्य डावीकडे पडले आणि वसुमती उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध. मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरने करकचून ब्रेक लावला. तो थांबला तेव्हा त्याचं पुढचं चाक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं. तिचं मनगट मोडलं होतं, ते यथावकाश जुळलं. आचार्यांच्या आत जे मोडलं ते मात्र जुळेना. भर संकल्पात ते चाक डोळ्यांसमोर यायचं आणि यजमानाच्या पणजोबांचं नाव घशातच अडकायचं.

तेव्हापासून वसुमती घरी आणि आचार्य रिक्षाने. पण रिक्षावाले सर्जापूर रोडच्या यजमानांकडे एवढ्या लांब यायला नाही म्हणत, आले तरी वाटेत अडकत, आणि श्राद्धाची मध्यान्ह काही कुणासाठी थांबत नाही. दोनदा तर यजमान दर्भ हातात घेऊन ताटकळत बसले. शेवटी मुलाने, श्रीवत्साने, महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून फोनवर फर्मावलं, "अण्णा, इलेक्ट्रिक मोटारसायकल बघा. चाकं मोठी असतात, खड्ड्यात बसायची नाहीत."

आचार्य वसुमतीला बरोबर घेऊन शोरूमला गेले. तिथला विक्रेता भीमसेन नावाला अगदीच न शोभणारा काडीपैलवान होता, पण घरची मराठी बोलणारा निघाला. त्याने आचार्यांच्या धोतराकडे पाहून आधी एका गाडीच्या मागच्या चाकाशी नेलं. "हे बघा आचार्रे, सगळं झाकलेलं आहे. सोगा अडकायचा नाही. सर्जापूर रोडला जाऊन आलात तरी चार्ज उरतो."

मग त्याने दोन गाड्या दाखवल्या. एकीला लांब सीट, बाजूला पाय ठेवायला फळी आणि साडी गार्ड. दुसरी सामान पोचवणाऱ्यांसाठी केलेली. तिला मागची सीटच नव्हती, तिथे कुलपाची पेटी होती. ती पेटी पाहिली आणि आचार्यांचा जीव भांड्यात पडला.

"हीच," ते म्हणाले. "पूजेचं सामान, भांडी, सगळं मावेल."

"आणि मी?" वसुमतीने विचारलं.

"तू आता कशाला दगदग करतेस? अंबूबाई परस्पर येतील स्वयंपाकाला."

"अंबूबाईंचे वडे खाऊन पितर पुन्हा यायचे नाहीत."

आचार्यांनी मग ओझ्याने चार्ज लवकर संपतो म्हणून सांगितलं, पेटीत भांडी स्वच्छ राहतात म्हणूनही सांगितलं. देवाधर्माचा माणूस, खोटं बोलायची सवय नव्हती. ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा असं बोलत होते बिचारे.

"स्वल्प एक चक्कर मारून तरी बघा की," भीमसेन म्हणाला आणि त्याने लांब सीटची गाडी बाहेर काढली. "अक्का, तुम्हीपण बसा मागं."

नाही म्हणायच्या आत वसुमती बसलीसुद्धा. तिचा हात आचार्यांच्या खांद्यावर टेकला. गाडी आवाज न करता रस्त्यावर आली. थोडं पुढे गेले असतील नसतील, तोच मागून मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला. आचार्यांनी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी कडेला घेतली आणि पाय जमिनीला टेकवून तसेच बसून राहिले. शेजारून टँकर निघून गेला.

"मला नाही जमायचं, वसू," ते मान न वळवता म्हणाले. "तू मागे असलीस की मला ते चाक दिसतं. फार भीती वाटते गं. मला तू घरी हवीस, सुखरूप."

वसुमती खाली उतरली नाही.

"आणि घरी मी काय करते, माहीत आहे? तुम्ही गेलात की फाटकाशी खुर्ची टाकून बसते. हातात माळ असते, जप होत नाही. रिक्षा वाजली की उठते, ती दुसऱ्याचीच असते. परत बसते. ही गाडी तर वाजतसुद्धा नाही. तुम्ही येताय की नाही, हे मला कशावरून कळायचं?"

इतके महिने भीती आपल्या एकट्याच्याच वाट्याला आली आहे, असं आचार्य धरून चालले होते.

"मागे बसले म्हणजे जे व्हायचं ते दोघांचं होईल," ती म्हणाली. "फाटकाशी मी एकटीच असते हो."

भीती जाण्याची वाट पाहत बसलं तर आयुष्य जाईल, हे आचार्यांना कळून चुकलं होतं.

"घट्ट धर," ते म्हणाले.

खांद्यावरचा हात काढून तिने तो त्यांच्या कमरेभोवती घातला, भर रस्त्यात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. आचार्यांनी गाडी शोरूमकडे वळवली आणि हीच हवी म्हणून सांगितलं.