आकारामची बिनगाण्याची कॅसेट

आमच्या उचगावात बेंजो वाजवणारे पुष्कळ झाले, पण वरातीत नवरदेवाचा विसर पाडणारा एकच, आकाराम. हे मी ऐकीव सांगत नाही. एका वरातीत घोडं पुढं मारुतीच्या देवळापाशी गेलं आणि माणसं सगळी मागं आकारामच्या गाड्याभोवती. घोड्यावर नवरदेव एकटा, आणि लगाम धरलेला घोडेवाला. घोडेवाला त्याला म्हणाला, "पावणं, उतरा की. आपुन बी जाऊन ऐकू." आणि तो उतरला. बाशिंग सांभाळत गर्दीत शिरला, कुणाचं तरी कोपर खाल्लं आणि नाक चोळत परत घोड्यावर बसला. त्याची बायको आता आजी झाली आहे, तरी ती गोष्ट निघाली की तोंडाला पदर लावून हसते.

ज्यांनी बेंजो पाहिला नाही त्यांना सांगतो. हातभर लाकडी फळी, तिच्यावर तारा ताणलेल्या, तारांवर टाइपरायटरला असतात तशी बटणं. डाव्या हाताची बोटं बटणांवर पळवायची, उजव्या हातातल्या पातळ पट्टीनं तारा छेडायच्या. आवाज कर्ण्यातून बाहेर. दुसरे वाजवायचे तेव्हा गाण्याची चाल ऐकू यायची. आकाराम वाजवायचा तेव्हा शब्द ऐकू यायचे.

त्याच्या चाहत्यांत पहिला मान गुंडूचा. गुंडू दूध डेअरीत मापावर असायचा. आकारामनं बटण दाबलं न दाबलं की हा गाणं ओळखणार. नावानं नव्हे हं, देखाव्यानं. "हिरीवर घागर बुडीवताना म्हनती ते!" किंवा "नावंत बसल्याती आन् हिरोची टोपी पाण्यात पडती ते!" बाकीचे त्याच्याशी पैज लावायचे आणि हरायचे. सगळ्या गावाला तो नाद लागला होता. बेंजो सुरू झाला की आधी गाणं ओळखायचं आणि मग नाचायचं, अशी आमच्याकडची रीत.

पोटासाठी आकाराम शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत होता. ओतलेला माल गार झाला की त्याच्या कडेला धारा राहतात, त्या हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचं काम. पाळीभर ते मशीन हातात थरथरत राहायचं. सायकलवरून घरी आला तरी हँडलवरचे हात थरथरतायत असं त्याला वाटायचं. हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. आम्ही काय बघायचो, तर हॉटेलात आम्ही चहाचा पेला काठाला दोन बोटांनी धरून फुंकर मारतोय आणि हा उकळता पेला सबंध मुठीत धरून पितोय. आम्हाला कौतुक. गुंडू त्याला मास्तर म्हणायचा. तो सांगत सुटायचा, "लोखंडाचा हात हाय मास्तरचा." आकाराम हसायचा. पेल्याचा चटका त्याला बसतच नव्हता, हे आमच्या डोक्यात आलं नाही.

मग एका साली गणपतीच्या मिरवणुकीत तो गाड्यावर बसला नाही. "गाणी बसीवतोय," म्हणाला. पुढच्या वर्षी पण तेच. त्याच्या जागी वळिवड्याचा ज्ञानू वाजवायला आला. हात चपळ होता पोराचा, पण लोक म्हणायचे, आकाराम तो आकाराम. तालमीच्या मंडळाचा कारभार बाळासोकडे होता. अंगानं पैलवान, बोलायला मोजका. त्यानं आकारामला सांगून ठेवलं होतं, "गाड्यावरची जागा तुझी हाय. ज्ञानू आपला येळ काढायला."

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आकाराम माझ्या शिलाईच्या दुकानात आला आणि फळीवर एक खोकं ठेवलं. आत कॅसेटी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एकजण भजनाच्या कॅसेटी भरून द्यायचा, त्याच्याकडून भरून आणल्या होत्या. वर त्याचा फोटो, मांडीवर बेंजो, केसांना भरपूर तेल.

"कुठली गाणी घेतलीस?" मी विचारलं.

"गाणी न्हाईत. माजं हाय सगळं. आवंदा गाड्यावर ह्येच वाजीवणार. बाळासोला ऐकवायचं हाय."

झालं. बातमी गावभर. डेअरीत दुधापेक्षा कॅसेटचीच चर्चा जास्त. रविवारी सकाळी माझ्या दुकानापुढं ही गर्दी झाली. मंडळाचा कर्णा आणून छपराला बांधला. गुंडूनं टेपरेकॉर्डरला हळद-कुंकू लावून नारळ फोडला. नारळाचं पाणी टेपवर उडालं, ते मी माझ्या उपरण्यानं पुसलं. बाळासो खुर्चीवर, आकाराम आत माझ्या मशीनशेजारी, डावा हात कापड कापायच्या टेबलावर टाकून बसलेला. मी बटण दाबलं.

टण्ण.

एकच सूर. मग काही नाही. लोक वाट बघतायत. गुंडूनं बोट वर केलेलं, देखावा सांगायच्या तयारीत. पुष्कळ वेळानं दुसरा सूर आला. तो पहिल्याच्या जवळपासचाच, पण जरा कडेला घसरलेला. पुन्हा शांत.

"आरती हाय," गुंडू म्हणाला.

"कुठली?"

"थांब की. येतीया."

आली नाही. तिसरा सूर आला. गुंडू म्हणाला, "आरती न्हवं. ते हिरोईन पायरीवर बसून वाट बघती त्ये." पलीकडून एकजण म्हणाला, "पायरीवर कशाची बसती, ती तर आगगाडीत हाय." त्यावर दोघांची जुंपली. तेवढ्यात बाळासो म्हणाला, "आरं, टेप हळू फिरतीया."

हे मात्र सगळ्यांना पटलं. अरे व्हय की, सेल उतरलेत! गुंडू पळत जाऊन नवे सेल घेऊन आला. तेच. वायर लावून लाइटवर चालवली. तेच. मी कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून टेपचं हेड पुसलं. कुणीतरी कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून रीळ ताणून दिलं. खोक्यातली दुसरी कॅसेट काढली. शेवटी बाळासोनं आपल्या घरचा मोठा टेप मागवला, त्याच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेला, ज्याला घरातलं कुणी हात लावत नसे. त्यातही तसंच. टण्ण, आणि पुढं लांबलचक काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, आकाराम बसला होता ना तिथं? होता. मोठा टेप पण तेच बोलायला लागला तेव्हा एवढंच म्हणाला, "टेप बरोबर हाय."

मग आम्ही ऐकलं. दोन्ही बाजू. काय सांगू तुम्हाला कसं होतं ते? मधे मधे सूर पाठोपाठ यायचे आणि वाटायचं, आता धरलं. लगेच सुटायचं. लांबून फौंड्रीचं मशीन ऐकू यावं तशी खालच्या तारेची एक घरघर सारखी चालू. कुणी हसलं नाही. शिवी पण दिली नाही. मला हायसं वाटत होतं, की निदान कुणी उठून तरी जात नाही. पण बसण्यातही काही अर्थ नव्हता. नाचायला आलेली पोरं गुडघ्यात मान घालून मातीत काडीनं रेघा ओढत बसली. संपल्यावर टाळी वाजवायची का, म्हणून सगळे एकमेकांकडं बघत राहिले, आणि बघता बघता वेळ निघून गेली.

"येगळं हाय," कुणीतरी म्हणालं.

"व्हय, येगळं हाय."

बाळासो उठला. आत येऊन आकारामपुढं उभा राहिला. "आकारामा, ह्याच्यावर पोरं नाचणार कशी?"

"नाचायचं न्हाईच की ते."

"मग मिरवणुकीत काय करायचं त्येंनी?"

आकारामनं उत्तर द्यायला हात उचलला आणि गुंडूनं पाहिलं, त्याच्या मधल्या बोटात टाचणी रुतली होती. माझ्या टेबलावरची. चांगली आतपर्यंत.

"मास्तर, बोटात टाचणी हाय."

आकारामनं हात डोळ्यांजवळ नेला. टाचणी उपसली आणि टेबलावर परत ठेवली. रक्ताचा थेंब आला तो पायजम्याला पुसला. चेहऱ्यावर काही नाही.

"कवापास्नं हाय ती?" बाळासोनं विचारलं.

"काय म्हाईत. दोन वरसं झाली, ह्या बोटांना काय कळत न्हाय. बटनावर बोट पडलं का न्हाय, त्ये आवाज आल्यावर समजतंय मला. तवर वाट बघायची."

बाळासो म्हणाला, "आवंदा ज्ञानूलाच बसवूया." आकारामनं मान डोलावली. मग चहा आला, सगळ्यांनी घेतला, आणि जो तो आपल्या वाटेनं गेला.

पुढचे दिवस मोठे गमतीचे. कॅसेट तर पुष्कळांनी नेली, आकारामची म्हणून. पण कशी आहे विचारलं की गडी आभाळाकडं बघणार. एकजण म्हणाला, म्हैस दूध काढताना शांत उभी राहते. दुसरा म्हणाला, आमच्या म्हाताऱ्याला झोप लागली, चार वर्षांत पहिल्यांदा. आकारामची बायको बनाबाई ब्लाउज शिवायला टाकायला आली, तेव्हा मी तिला विचारलं, "वैनी, तुमाला कसं वाटतंय?"

ती म्हणाली, "रोज कानावर पडतंय. रडू येत न्हाय, हासू येत न्हाय. भाकरी करपत न्हाय येवढं खरं. आदी गाणी वाजवायचं तवा लई करपायच्या." आणि बाह्यांचं माप देऊन गेली.

गुंडू मात्र चार दिवस दुकानाकडं फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला तर आकाराम बसलेलाच. पाळीला जायचा होता, डबा मांडीवर. गुंडू दारातच उभा राहिला.

"मास्तर, खरं सांगू का? राग धरणार न्हाईसा न्हवं?"

"सांग की."

"मी रोज ऐकली. पयल्या दिशी गाणं हुडकत हुतो. मग हुडकायचं सोडलं. मला कायच वाटलं न्हाय बगा. बरं न्हाय, वाईट न्हाय. गेल्या साली दाढ काढली तवा डाक्टरनं सुई मारल्यावर कसं झालतं? गाल माजाच हाय, हात लावला तर हाताला लागतोय, पर गालाला काय न्हाय. तसंच. ऐकताना सगळं अंगच तसं झालं."

मला वाटलं, आता आकाराम उठून जाणार. आपल्या इतक्या वर्षांच्या चाहत्यानं तोंडावर सांगावं की मला काहीच वाटलं नाही! पण आकाराम त्याच्याकडं बघत राहिला. मग डबा बाजूला ठेवून म्हणाला, "बस हितं." गुंडू बसला. आकाराम म्हणाला, "त्येच हाय त्ये. दुसरं काय न्हाय त्यात." पुढं दोघं पुष्कळ वेळ बसले होते. मी शर्टाला काजं करत होतो.

संध्याकाळी गुंडू तडक बाळासोच्या अंगणात. मीही मागून गेलो, काय होतंय बघायला. बाळासो म्हशीला वैरण टाकत होता.

"आमी मिरवणूक नदीला जाताना न्हाय म्हनत," गुंडू म्हणाला. "जाताना ज्ञानू वाजवू दे, पोरं नाचू देत. पर येताना काय असतंय गाड्यावर?"

"येताना काय असायचंय? मोकळा पाट."

"तेच म्हनतोय मी. गणपती बुडवून येताना कुणाला गाणं पायजे असतंय का? पायाचं पाय ऱ्हात न्हाईत, घसं बसल्यात, कुनी कुनाशी बोलत न्हाय. कर्णा उगंच गाड्यावर गप पडून येतोय. मास्तर येताना बसू दे."

बाळासो पेंढी हातात धरून थांबला. "येताना वाजवायची रीत न्हाय."

"न्हाई म्हनून कुनी सांगितलंय?"

बाळासोनं पेंढी सोडली आणि म्हणाला, "बेंजो त्येनं सोता आणायचा. ज्ञानूचा न्हाय द्यायचा." म्हणजे झालं, एवढाच त्याचा होकार.

त्या साली मिरवणूक नदीपर्यंत गेली, ज्ञानूनं गाव नाचवलं, आणि पहाट उलटून गणपती पाण्यात गेला. उजाडल्यावर ट्रॅक्टर माघारी वळला. ट्रॉलीत रिकामा पाट, पाटावर नदीची वाळू, आणि शेजारी मांडी घालून आकाराम. जनरेटर चालू केला. पहिला सूर निघाला तेव्हा दोघा-तिघांनी मान वळवली आणि परत सरळ चालू लागले. एवढीच दाद.

गुलालानं मळलेली माणसं ट्रॉलीमागून चालत होती. कुणी थांबलं नाही, कुणी पुढं पळालं नाही. कुणी कुणाला गाणं विचारलं नाही. दोन सुरांच्या मधे ट्रॅक्टरचा आवाज यायचा, चपलांचा यायचा. बाळासो चालता चालता डोळे मिटायचा आणि पाय आपले पडत राहायचे. मीही तसाच चाललो. आनंद झाला असं म्हणणार नाही, दुःख तर नव्हतंच. अंगाला काही लागत नव्हतं, एवढं मात्र खरं. नदीपासून उचगावचा रस्ता मला कधी इतका कमी वाटला नाही.

तालमीपुढं ट्रॅक्टर थांबला. जनरेटर बंद केला. पाट उतरवला, वाळू सगळ्यांनी चिमूट चिमूट घेतली. आकाराम अजून बटणं दाबत होता. कर्ण्यातून काही येत नव्हतं, तरी दाबत होता, वाट बघत होता, पुन्हा दाबत होता. गुंडू खाली चाकाला टेकून बसला होता, त्यानं वर पाहिलं.

बनाबाई आली. ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवून म्हणाली, "अवो, थांबलंय की ते. चला, आंघूळ करून दोन घास खावा. दुसरी पाळी हाय न्हवं आज?"

"व्हय," आकाराम म्हणाला. बेंजो फडक्यात गुंडाळला आणि तिच्या मागून घरी गेला.